सर गेले, आणि तेव्हापासून वाटतंय आपलं म्हणून काय उरणार?

माणदेशी४४
नमस्कार मंडळी. माझे शाळेतले विज्ञानाचे सर गेल्या महिन्यात गेले, वय ८१. माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. त्यांच्याकडे एक लांबट हिशोबाची वही असायची, तिला आम्ही प्रश्नवही म्हणायचो. वर्गात कुणी काही विचारलं आणि सरांना आलं नाही तर सरळ म्हणायचे, "मला नाही येत, लिहून ठेवतो." मग पोराचं नाव, तारीख, प्रश्न. आठवड्याने म्हणा, दोन महिन्यांनी म्हणा, उत्तर यायचंच. त्यासाठी ते एसटीने साताऱ्याला वाचनालयात जायचे हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेराव्याला गेलो तर त्यांच्या मुलाने माळ्यावरनं अशा अकरा वह्या काढल्या. एका पानावर माझं नाव, सातवीतलं. "एसटीतून जाताना चंद्र आपल्याबरोबर का पळतो?" खाली सरांचं बारीक अक्षर, की चंद्र ३ लाख ८४ हजार किमी लांब, आपण दहा किलोमीटर गेलो तरी त्याची दिशा बदललेली डोळ्याला कळत नाही, बाभळ जवळ म्हणून ती मागे पडते. शेजारी चित्र काढलेलं, एसटी, बाभळ, चंद्र, आणि खिडकीतून बाहेर आलेलं एक छोटं डोकं. ते डोकं माझं. तिथेच ओट्यावर बसून रडलो.

आता डोक्यातून जातच नाहीये. मी ४४ चा, पुण्यात आयटीत. ज्या सिस्टीमवर आठ वर्षं घातली ती कंपनीने मागच्या वर्षी बंद केली. मूलबाळ नाही. उद्या मी गेलो तर कुणाच्या माळ्यावर काय सापडणार? तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का, आणि काय केलंत?

गुरुजीणबाई
दादा, वाचून पोटात कालवलं. मी झेडपीच्या शाळेत आहे, २२ वर्षं झाली. तुमच्या सरांची वही वाचून मला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवले. सही मागायला पोरं आली की ते सांगायचे, सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर येईल आणि त्याखाली सही असेलच. एवढा मोठा माणूस, आणि उत्तरं लिहीत बसायचा. २० मे २०२५ ला ते गेल्यावर लोक आपापली जुनी कार्डं शोधून दाखवत होते.

माझ्या बाबतीत सांगते. परवा स्टँडवर एक कंडक्टर मुलगी तिकिटाचे पैसे मोजताना अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती, तिसऱ्या पेराला थांबून मान हलवायची. ती माझी सवय! मी विचारलं, बाळ शाळा कुठली, तर माझीच विद्यार्थिनी निघाली. तिने मला ओळखलंसुद्धा नव्हतं. मला त्याचं वाईट नाही वाटलं, उलट दिवसभर हवेत होते.

देवगिरीकर
नारळीकरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लिहितो, कारण ती तुमच्या बंद पडलेल्या सिस्टीमला लागू आहे. त्यांनी केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तिशीही झाली नव्हती, जगभर नाव झालं. विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच आहे, या मताचे ते दोघे. पण १९६५ मध्ये अवकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचं जाहीर झालं, ते विश्वाच्या तापलेल्या सुरुवातीची खूण मानलं गेलं, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवात होती या मताच्या, बाजूला गेले. नारळीकर पुढेही अनेक दशकं महास्फोटावर शंका घेत राहिले आणि पर्यायी मांडणी करत राहिले, ती फारशी कुणी स्वीकारली नाही. म्हणजे उमेदीची वर्षं जिथे घातली तिथे जग त्यांच्यामागे आलं नाही. आणि तरी पुण्यात १९८८ मध्ये त्यांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, देशभरातल्या विद्यापीठांतले लोक तिथे येऊन काम करतात, शाळेच्या पोरांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. आठ वर्षं पाण्यात गेली असं धरू नका. त्या आठ वर्षांत हाताखाली किती ज्युनियर पोरं तयार झाली ते आधी आठवा.

आणि कृपा करून सरांच्या नावाने पुरस्कार वगैरे काढू नका. आम्ही आमच्या सरांचा काढला, तीन वर्षं शाल-श्रीफळ झालं, मग वर्गणीवरनं भांडणं. त्यापेक्षा त्या वह्या स्कॅन करून घ्या, माळ्यावर वाळवी लागायला वेळ लागत नाही.

तीनताल
मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या गुरुजींच्या मागे मी दोन वर्षं तबल्याला हात लावला नाही, कारण त्यांच्यासारखं माझ्या हातून होणार नाही हेच डोक्यात. मग शेजारच्या पोराने ठेका शिकवता का विचारलं, बसलो. बोल सांगताना तोंडातून त्यांचाच आवाज आला. काय उरेल हा प्रश्न शिकवताना सुचतच नाही हो, रिकामं बसलं की सुचतो.

माणदेशी४४
सगळ्यांचे मनापासून आभार, ऑफिसमध्ये वाचत होतो, उठून बाहेर जावं लागलं. देवगिरीकर, चार वह्या स्कॅन झाल्या, सरांच्या मुलाने बाकीच्या पण दिल्यात. ज्युनियर मोजले, सात निघाले, दोघांना फोन केला.

अजून एक. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी पाचवीत आहे. रविवारी तिने विचारलं, विमानाच्या मागे कधी पांढरी रेघ पडते आणि कधी पडतच नाही, असं का? रेघ वाफ गोठून होते एवढं माहीत होतं, कधी पडत नाही हे धड सांगता येईना. तिला म्हटलं, मला नाही येत, लिहून ठेवतो. सरांच्या वहीत कोरी पानं आहेत पण त्यात लिहायचं धाडस झालं नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून तसलीच लांबट वही आणली. तिचं नाव, तारीख, प्रश्न. उत्तर शोधतोय, वर गारठा आणि ओल किती आहे त्यावर ठरतं असं दिसतंय. पण चित्र काढायचंय आणि मला विमान अजिबात काढता येत नाही, दोन पानं फाडून झाली.