मदत हवी आहे: मणीकामाचा गाऊन न कापता अल्टर कसा करायचा?

मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. एका समारंभासाठी आतेबहिणीने तिचा पायघोळ गाऊन मला घालायला दिलाय. गडद निळी नेट, आत सॅटिनचं अस्तर, आणि खांद्यापासून खालपर्यंत नळीमणी, टिकल्या, मधेमधे खडे. इतका देखणा आहे की दुसरं काही घालावंसं वाटतच नाही. पण ती माझ्यापेक्षा उंच आणि अंगाने भरलेली. मला तो कमरेत सैल होतो आणि घेर जमिनीवर लोळतो.

नेहमीच्या टेलरने सरळ नाही म्हटलं. मशीनची सुई मण्यावर आपटली की सुई तरी तुटते नाहीतर मणी तरी, असं म्हणाला. पटलंही. उलट बाजूने सगळीकडे आरीचा (आकडीच्या सुईने घातलेला) साखळी टाका दिसतो. डाव्या मुंढ्याखाली, हात घासतो तिथे, एक दोरा सुटलाय आणि शेजारचे नळीमणी हलायला लागलेत. तिथे काय करू? घेराला वेलबुट्टीची किनार आहे, ती कापायची माझी अजिबात तयारी नाही. काखेत अस्तरावर घामाचा हलका डागही आहे.

हातशिलाई मला चांगली येते. गाऊन परत द्यायचाय, त्यामुळे जे करेन ते नंतर उसवता आलं पाहिजे.

प्रतिसाद १
आधी तो सुटलेला दोरा, आणि तो चुकूनही ओढू नका. आरीकाम एका अखंड दोऱ्याने चालतं, टोक मोकळं झालं की ओळच्या ओळ उसवत जाते. टोक सुईत ओवण्याइतकं लांब असेल तर शेवटच्या फासातून काढून उलट बाजूला गाठ मारा. आखूड असेल तर नवीन दोऱ्याने तो फास नेटला टाचून टाका. मणी पुन्हा लावताना पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी आणि मेण लावून घ्या. नळीमण्याच्या कडा धारदार असतात, मुख्यतः त्याच दोरा कापतात. मी तर नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी ओवते, म्हणजे दोरा कडेला घासत नाही.

कमरेसाठी नेट आणि अस्तर वेगवेगळं दाबा, म्हणजे आत घेऊन शिवा. एरवी शिवणीवर येणारे काचमणी पकडीने फोडतात, म्हणजे दोरा शाबूत राहतो. पण गाऊन परत द्यायचाय तर मणी राहू द्या आणि हाताने उलटी टीप घाला, सुई मण्यांच्या मधून काढत. वेळ लागतो, पण उसवलं की गाऊन होता तसा. दोन्ही बाजूंना सारखंच दाबा, नाहीतर पुढची नक्षी तिरकी दिसेल. आत गेलेल्या मण्यांवर मऊ सुती पट्टी टाचा, सॅटिनमध्ये मणी अडकला की धागे निघतात.

डाग अस्तरावरच असेल तर अस्तर नेटपासून दूर धरून, साध्या साबणाच्या गार पाण्यात भिजवलेल्या कापडाने टिपा. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाने काही टिकल्यांचा रंग जातो, एखादी आतल्या बाजूची टिकली तपासल्याशिवाय देऊ नका. इस्त्री आणि वाफ दोन्ही नको, प्लास्टिकच्या टिकल्या वळतात. गाऊन खूप जुना असेल तर पाणीही जपून. १९३० च्या दशकात जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या होत्या, त्या ओल्या झाल्या की विरघळतात.

प्रतिसाद २
उंचीचं राहिलं. कमरेला आडवी शिवण आहे का? असेल तर ती उसवून घेर वर ओढा, जास्तीचं कापड न कापता आतच ठेवा. किनार जशीच्या तशी राहते. मात्र माप घेण्याआधी गाऊन रात्रभर टांगा, मण्यांच्या वजनाने नेट खाली उतरते. आणि समारंभाला घालणार तीच चप्पल पायात हवी. एरवी मात्र तो टांगून ठेवू नका, खांदे ओघळतात. आडवा, सुती चादरीत गुंडाळून.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)
दोघींचे मनापासून आभार! मुंढ्याखालचा दोरा आत्ताच बांधला, मणी आता हलत नाहीत. कमरेला शिवण आहे, पण चेन तिच्या खालपर्यंत जाते. घेर वर घेताना चेनही उसवावी लागेल ना?

प्रतिसाद २
हो, चेन कमरेच्या थोडी खालपर्यंत उसवा, घेर वर घेऊन शिवण पक्की करा आणि मग तीच चेन हाताने बारीक टाक्यांनी परत लावा. चेनच्या दातांत अडकणारे मणी असतील तर तेवढे मात्र काढून पुडीत ठेवा.