मटणाच्या धंद्यात शिकलेल्या पोरांनी यावंच, पण आम्ही अडाणी कसे?

खाटकाचा_मुलगा

परवा इथे अनिकेतने शेळीपालनावर लेख लिहिला. शंभर शेळ्या, अनुदान, दोन वर्षांत तीन वेत, सगळं ठीक. पण शेवटी त्याने म्हटलंय की मटणाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या अडाणी हातांत राहिला म्हणून मागे पडला, आता शिकलेल्या तरुणांनी उतरून त्याला वळण लावावं. दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मी बी.कॉम. आहे आणि खाटीक आहे. आमच्या दुकानावर बसणारी ही चौथी पिढी.

चाकणच्या शनिवारच्या बाजारात माझ्या वडिलांबरोबर एकदा फिरून बघा. ते बोकडाच्या पाठीवर हात ठेवतात, कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस चिमटीत धरून बघतात, पुढचे पाय जरा उचलतात आणि म्हणतात, "बारा." दुकानात आणून सोलला की काट्यावर बारा किलोला पावशेर इकडेतिकडे. मी पाच वर्षं हेच शिकतोय, अजून किलोभर चुकतो. त्या किलोभराची किंमत सांगतो. २५ किलोचा बोकड, जिवंत वजनाला ३५० चा भाव, म्हणजे ८,७५०. मटण बारा किलो, ७८० ने ९,३६०. मुंडी, पाय, वजडी यांचे मिळून पाच-सहाशे. हातात राहिले हजार-बाराशे. त्यातून गाळ्याचं भाडं, बर्फ, कामाच्या पोराचा पगार. अंदाज एका किलोने चुकला की त्या बोकडात जवळजवळ काहीच उरत नाही. कातड्याला आजोबांच्या वेळी चांगले पैसे यायचे, आता ते न्यायलासुद्धा कोणी येत नाही.

आणि ओंडक्यावरचं काम तर वेगळंच. पहिल्या गिऱ्हाइकाला सगळी मांडी देऊन खूश केलं तर दहाव्याला गर्दन आणि हाडं उरतात, तो परत येत नाही. प्रत्येकाच्या किलोत थोडी मांडी, थोडा सीना, दोन चाप, एक नळी बसवायची, तीही समोर वीस माणसं उभी असताना. याला शिक्षण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

तरुणांनी या धंद्यात यावं असं मलाही मनापासून वाटतं. पण सुरुवात ओंडक्यापासून करा. शेडचे फोटो आणि नफ्याचा तक्ता यांपासून नको.

अनिकेत_उस्मानाबादी

दादा, लेख नीट वाचलात तर दिसेल की मी माणसांना अडाणी म्हटलं नाही, पद्धतीला म्हटलं. रस्त्यावर टांगलेला बोकड, त्यावर धूळ, खाली कुत्री. माझी आई अशा दुकानात पाय ठेवत नाही, मटण आणायला मला पाठवते. हे तुम्हाला बदलावंसं वाटत नाही का?

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकरी सोडली तेव्हा घरात महिनाभर कोणी बोललं नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळ्या-मेंढ्यांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे, ५०० माद्या आणि २५ नरांपर्यंत, कमाल ५० लाख. तरुणांना हे कळायला हवं म्हणून लिहिलं. त्यात चूक काय झाली?

माणदेशी_माणूस

चूक मी सांगतो. २०२१ साली असाच एक लेख वाचून मी ८० शेळ्या घेतल्या. दोन बाजारांतून आणि एका फार्मवरून, एकाच आठवड्यात, एकाच शेडमध्ये. नव्या जनावरांना तीन-चार आठवडे वेगळं ठेवायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या लेखात त्याची एक ओळ नव्हती. बाराव्या दिवशी एक शेळी नाक गाळायला लागली. मग ताप, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. सतरा दिवसांत ३४ गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको रोज संध्याकाळी खड्डा खणत होतो, चुना टाकत होतो. लस वेळेवर टोचायला काही मोठी रक्कम लागली नसती.

कागदावरची शेळी मरत नाही, तिला चारा लागत नाही आणि दर वेताला ती दोन करडं देते. अनुदान पण आधी मिळत नाही हो. आधी बँकेचं कर्ज काढायचं, मग हप्ते सुरू, मग अनुदान.

अनिकेत_उस्मानाबादी

वाईट वाटलं वाचून. लसीकरण आणि विलगीकरण यांवर मी वेगळा भाग लिहिणार होतो. तो आधी यायला हवा होता, एवढं मान्य.

पेठेतला_खवय्या

शेळ्या किती आणि अनुदान किती ते तुम्ही बघा, माझा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. मला बोकडाचं सांगून बोल्हाईचं देतात, त्याचं काय? पुण्यात पस्तीस वर्षं मटण घेतोय. पूर्वी पाटीवर स्वच्छ लिहिलेलं असायचं, "बोल्हाईचे मटण". वाडे-बोल्हाईच्या देवीचे भक्त बोकड खात नाहीत, मेंढीचंच खातात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी दुकानं. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. आता पाटी "मटण" आणि आत काय ते देव जाणे. मागच्या धुळवडीला सव्वा तास रांगेत उभा राहून दोन किलो आणलं. रश्श्यावर चरबीचा थर असा गोठला की चमच्याने उचलला. ते मेंढीच होतं!

खाटकाचा_मुलगा

काका, तुमची तक्रार खरी आहे, पण सगळ्यांना त्यात ओढू नका. आमच्याकडे टांगलेल्या मालाचं शेपूट शेवटपर्यंत ठेवतात. बोकडाचं आखूड आणि वर वळलेलं, मेंढराचं खाली पडलेलं. गिऱ्हाइकाने आधी शेपूट बघावं, मग मागणी सांगावी. शेपूट काढलेला माल टांगला असेल तर विचारा की का काढलं.

पेठेतला_खवय्या

रांगेत एकशेचाळिसावा असताना शेपूट कुठलं दिसतंय? आणि खिमा घेतला तर? खिम्याला शेपूट असतं का?

धनगरवाडा

थांबा जरा. सगळा धागा वाचला, मेंढी म्हणजे जणू भेसळ अशा सुरात बोलताय सगळे. माझं घर जतकडचं. माडग्याळची मेंढरं आजोबांपासून आमच्याकडे आहेत. दिवाळीनंतर कोकणाच्या अंगाला उतरायचं, शेतात बसवायची, पावसाच्या आत परत. त्या मेंढराचं मटण चाखलंय का कोणी? हलकं आणि गोड. फसवणूक दुकानदाराने केली, शिव्या आमच्या जनावराला.

आणि तरुणांचं म्हणाल तर आमच्या वाड्यावर मेंढरांमागे जाणारा पंचविशीच्या आतला एकच पोरगा आहे, माझा चुलतभाऊ. त्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही, कारण त्याने नोकरी सोडलेली नाही. त्याला ती कधी मिळालीच नव्हती. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही जात तयार केली, त्याने त्यातला एक नर मिळवला, आता त्याच्या कळपात जुळी येतायत. हे करिअर नाही का?

पेठेतला_खवय्या

मी मेंढीला शिव्या दिल्या नाहीत. बोकडाचे पैसे घेऊन मेंढी देणाऱ्याला दिल्या. तुम्हीच "माडग्याळचं मटण" अशी पाटी लावा, मी पहिला येईन. पण पाटी लावा!

धनगरवाडा

पाटी लावायला गाळा लागतो काका. आमचा माल वाटेतच व्यापारी उचलतो, एकगठ्ठा, नजरेने भाव करून. काटासुद्धा लावत नाही. पुढे तो बोकड म्हणून विकला जातो की काय म्हणून, ते आम्हाला तुमच्याकडूनच कळतंय.

साधक_७७

पोरांनी जीव घेण्याचं करिअर करावं यावर इतकी चर्चा बघून यातना झाल्या. ज्या मातीत ज्ञानोबा-तुकोबा झाले तिथल्या तरुणाला दुसरं काही सुचू नये? दुधाचा धंदा करा, फळबाग लावा.

माणदेशी_माणूस

माउली, मीही वारी करतो, पायी, आणि माळ असल्यामुळे स्वतः खात नाही. पण माणदेशात फळबागेला पाणी कुठून आणू? ५०० मिलिमीटरसुद्धा पाऊस धड नाही. बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर जगणारं जनावर शेळीच आहे. आणि दुधाच्या धंद्यातले रेडकू, गोऱ्हे कुठे जातात, तेही एकदा विचारून घ्या.

जालना_रस्ता

गोऱ्ह्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी कुरेशी. अब्बांचा म्हशींचा व्यापार, माझं शिक्षण बी.एस्सी. गाईच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यापासून बंदी, बैल-वळूंनाही २०१५ पासून. आम्ही तो पाळतो. म्हशीला दाखला घेऊन परवानगी आहे. तरी दाखला खिशात असताना माझ्या मामाची गाडी रात्री अडवली, मारलं, आणि जनावरं परत मिळवायला पाच महिने कोर्टात गेले. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या समाजाने राज्यभर जनावरांची खरेदीच बंद ठेवली होती, तेव्हा बाजारात म्हातारी म्हैस घेऊन आलेला शेतकरी तिला परत घरी घेऊन जात होता. भारत म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत आहे. कारखान्यात कामाला तरुण लागतातच. पण मला अब्बांनी सांगितलंय, काहीही कर, रात्री गाडीवर जायचं नाही. मी आता कुरिअरच्या गोदामात आहे.

खाटकाचा_मुलगा

भाऊ, हे वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. मी भाव आणि मान यांवर भांडत होतो.

डॉ_गायत्री (पशुवैद्यक)

मी खाटकाची मुलगी आणि पशुवैद्यक. दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहिते आहे.

दादा, तुमच्या वडिलांचा हात खरा आहे, माझ्याही वडिलांचा होता. पण हाताला कलेजीच्या आतलं कळत नाही. शिकत असताना कत्तलखान्यात एक बोकड बघितला, काळाभोर, तेजस्वी डोळे, कोणीही उचलला असता. पोट उघडलं तर कलेजीत पाण्याच्या पांढऱ्या गाठी, सुपारीएवढ्या, सात-आठ. या कुत्र्यांच्या जंतापासून होतात. ती कलेजी बाजूला काढून नष्ट करायची असते. दुकानामागे कापलं तर ती कुत्र्यापुढे पडते आणि चक्र पुन्हा सुरू. म्हणून जनावर जिवंत असताना एकदा आणि कापल्यावर एकदा, अशी दोन वेळा तपासणी हवी.

आणि अनिकेत, यात खाटकाला दोष देऊ नका. मुंबईत देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून आहे. किती तालुक्यांच्या गावी चालू स्थितीतला कत्तलखाना आहे, ते तुम्हीच आजूबाजूला बघा. आमच्या गावातला होता तो पाण्याअभावी बंद पडला, तेव्हा वडिलांनी दुकानामागे कापायला सुरुवात केली. त्यांना ते कधीच आवडलं नाही. नगरपालिका दाखला मागते, पण कापायला जागा देत नाही.

तरुणांसाठी काम इथे आहे. आमच्या पदवीत मांस-तंत्रज्ञानाचा अख्खा विभाग असतो, पण माझ्या वर्गातले बहुतेक सरकारी जागेच्या परीक्षेला नाहीतर कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याकडे वळले. मी मांसाकडे जाते म्हटल्यावर दोन स्थळांनी नकार कळवला. एकाच्या आईने विचारलं, "हात धुऊन तरी येता ना घरी?" त्या घरात दर रविवारी मटण शिजतं.

मेलबर्नकर

इथे खाटीककाम ही रीतसर उमेदवारी आहे. दुकानात पगारी काम आणि सोबत प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्र. शेजाऱ्यांचा मुलगा सतराव्या वर्षी लागला. पहिले काही महिने त्याला फक्त साफसफाई आणि सुरीला धार लावणं दिलं होतं. आता तो अर्धं जनावर एकट्याने सोडवतो आणि त्याचे आईवडील हे अभिमानाने सांगतात.

अनिकेत_उस्मानाबादी

तिकडचं इकडे कसं आणायचं ते सांगा, नुसतं ऐकून काय करू. आणि दादांच्या दुकानासमोरची धूळ अजून तिथेच आहे.

खाटकाचा_मुलगा

धूळ आहे. काच लावायचं वडिलांच्या मागे दोन वर्षं लागलोय. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला मालाला हात लावून बघता आला पाहिजे. गायत्रीताईंचं वाचून आज पुन्हा विषय काढला. कलेजीच्या गाठीचं सांगितलं तर म्हणाले, "आम्ही फेकतो." कुठे फेकतो विचारल्यावर गप्प बसले. त्यामुळे काच लावणार, आणि अशा कलेजीचं काय करायचं ते ताईंना विचारणार. पण अडाणी हा शब्द तू मागे घे.

अनिकेत_उस्मानाबादी

घेतो. लेखातून काढून टाकला आहे, बघा. पण एक अडचण आहे, खरी. शेडमध्ये माझी ६० बोकडं विक्रीला आलीत, व्यापारी नजरेने भाव सांगतो आणि मला तो बरोबर आहे की नाही हेच कळत नाही. मी काट्यावर जिवंत वजन करतो, पण आत मटण किती ते कळत नाही. तुमच्या वडिलांकडे शिकायला येऊ का?

पेठेतला_खवय्या

म्हणजे माझ्या बोल्हाईच्या प्रश्नाला उत्तर मिळणारच नाही!

धनगरवाडा

काका, पुढच्या महिन्यात आमची मेंढरं पुण्याच्या अंगाला असतील. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. समोर कापलेलं घ्या, शेपटासकट.

खाटकाचा_मुलगा

अनिकेत, रविवारी नको, रविवारी श्वास घ्यायला वेळ नसतो. मंगळवारी ये, पहाटे साडेचारला, गिऱ्हाईक कमी असतं. जुना शर्ट घाल. पहिल्या दिवशी सुरी मिळणार नाही, नुसता हात लावून वजन सांगायचं आणि वहीत लिहायचं. वडील खाली खरं वजन लिहितील.