१३ जूनचं नाटुकलं: स्क्रिप्ट बदला!

रोझी आंटी (ए-१०२): १३ जूनच्या संत अंतोनींच्या सणाच्या नाटुकल्याची स्क्रिप्ट कोणी फायनल केली? आपले संत अंतोनी म्हणे लहानपणी मठ्ठ, परीक्षेत नापास, आणि मग हवेत उडायला लागले! नाताळात झाला तेवढा तमाशा पुरला नाही का? 🙏

सचिन (बी-३०१): आंटी, एक फॉरवर्ड आला होता त्यावरून घेतलं. मुलांना प्रेरणा मिळते ना, मग झालं.

मॅक्सी अंकल (ए-४०४): अरे, उडायचे म्हणतात ते कुपर्टिनोचे जोसेफ. तेही अंतोनींसारखेच फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातले, पण जन्म १६०३ चा. अंतोनी वारले १२३१ ला! आणि मठ्ठ कसले? पोर्तुगालमधल्या लिस्बनचा मुलगा, तिथल्याच कोइंब्राच्या मठात शिकलेला.

बी-२०३: टेरेसची चावी कोणाकडे आहे?

ज्योती वहिनी (ए-३०३): अंतोनींना सांगा, हरवलेल्या वस्तू त्यांच्याच खात्यात 😄

सचिन: मग मात कशावर केली त्यांनी? नाव "अडचणींवर मात" ठेवलंय. बॅनर छापायला गेलाय.

रोझी आंटी: कोणाला न विचारता बॅनरसुद्धा? छान.

मॅक्सी अंकल: तब्येतीवर केली. १२२० मध्ये मोरोक्कोत मारलेल्या पाच फ्रान्सिस्कनांचे अवशेष कोइंब्राला आले. ते बघून हेही फ्रान्सिस्कन झाले आणि हुतात्मा व्हायला मोरोक्कोला गेले. तिथे पोचून आजारी! हिवाळाभर अंथरूण धरलं. परत निघाले तर वादळाने जहाज सिसिलीला नेलं. १२२१ ला इटलीत असिसीला फ्रान्सिस्कनांची मोठी सभा झाली. बाकीचे बंधू आपापल्या प्रांताला गेले, या परदेशी पोराला कोणी विचारेना. शेवटी यांनीच एका प्रांतप्रमुखाला "मला न्या" म्हणून विनवलं. त्याने फोर्लीजवळ मोंतेपाओलोच्या आडबाजूच्या मठात ठेवलं. तिथे भांडी घासायची, झाडलोट करायची. माणूस शिकलेला आहे, हे कोणाच्या गावी नाही.

अशोक काका (बी-१०१): भांड्यांचा रोल आमच्या चिरंजीवांना द्या. घरी स्वतःचं ताट उचलत नाही 😂

बी-२०३: टेरेसची चावी??

मॅक्सी अंकल: थांबा हो. १२२२ ला फोर्लीत धर्मगुरूंचा दीक्षाविधी होता. डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघाचे, पाहुणे आलेले, पण प्रवचनाची तयारी कोणाचीच नाही. प्रत्येक जण नको नको म्हणतोय. मग वरिष्ठांनी यांनाच उभं केलं, सुचेल ते बोल म्हणाले. आणि हे असे बोलले की सगळे थक्क! पुढे खुद्द फ्रान्सिसनी बंधूंना ईश्वरविज्ञान शिकवायची परवानगी दिली. नाटुकलं करायचं तर इथे करा.

सचिन: अंकल, रिस्पेक्ट. पण उडण्याच्या सीनसाठी दोर आणि पट्टे भाड्याने सांगितलेत. मुलांना प्रेरणा मिळते ना.

खजिनदार (बी-४०२): कुठल्या फंडातून?

सचिन: ते आपण बोलू. मुद्दा प्रेरणेचा आहे.

रोझी आंटी: मुद्दा खरं सांगण्याचा आहे. पुढच्या वर्षी मला विचारू नका, माझा नोव्हेनाच (नऊ दिवसांची प्रार्थना) बरा.

ज्योती वहिनी: आंटी, रागावू नका ना. तुमचे फुगे लागणार आहेत आम्हाला.

मॅक्सी अंकल: शेवटही लिहून घ्या. १२३१ च्या उपासकाळात (ईस्टरआधीच्या) इटलीतल्या पादुआत रोज प्रवचन, तेही जलोदराने अंग सुजलेलं असताना. त्यांच्याच विनंतीवरून १५ मार्चला शहराने कायदा केला: कर्जदाराने मालमत्ता सोडून दिली की त्याला तुरुंगात टाकायचं नाही. १३ जूनला गेले, वय पस्तिशीच्या आसपास. वर्षाच्या आत संतपद.

बी-२०३: कर्जदारांचा कायदा आवडला. मेंटेनन्सला लागू करा.

खजिनदार: मालमत्ता सोडायची अट वाचलीत ना? तुमची पाच महिन्यांची थकबाकी आहे. कोपऱ्यातलं पार्किंग कधी सोडताय?

बी-२०३: चावी सापडली. धन्यवाद.