'बेसलाइन'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट'ला?

राजारामपुरी_८वी_गल्ली:
गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यासाठी स्टोअरचं सॉफ्टवेअर करतोय. सुपरवायझर मंडळींसाठी मराठी माहितीपत्रक हवंय. मी 'पायारेषा' आणि 'संरचना व्यवस्थापन' असं लिहिलं. आमच्या सरांनी वाचून विचारलं, "हे बांधकाम खात्याला पाठवायचंय काय?" सुचवा काहीतरी.

करवीरकर:
'आधाररेषा' घ्या की. १८०२ मध्ये लॅम्बटननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची रेषा मोजली आणि पुढं देशभरची त्रिकोणी मोजणी तिच्यावर उभी राहिली. तीही बेसलाइनच.

पॅटर्नशॉप:
करवीरकर साहेब, ती जमिनीवर साखळी टाकून मोजलेली खरीखुरी रेषा. इथं रेषा कुठाय? आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९० च्या परिभाषेत बेसलाइनच्या तीन अटी आहेत: तपासून सर्वांनी मान्य केलेलं असावं, पुढचं काम त्यावर चालावं आणि बदल फक्त रीतसर मंजुरीनंच व्हावा. 'आधार' म्हटलं की मधली अट तेवढी येते. पहिली नि तिसरी गळते, आणि भांडणं सगळी तिसरीवरून होतात.

शिरोलीच्या फौंड्रीत बघा. गिऱ्हाइकानं मशिनिंगसाठी ठेवायचं जादा मटेरियल ३ मिमीवरून ४ मिमी केलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या तक्त्यात रिव्हिजन 'बी'ची 'सी' झाली, पॅटर्नही (साच्याला बाहेरचा आकार देणारा नमुना) दुरुस्त झाला. कोअर बॉक्स (आतलं भोक पाडणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) मात्र 'बी'चाच राहिला. बाहेरचं माप नवं, आतल्या भोकाचं जुनं! प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र चुकीच्या. कुठल्या रिव्हिजनच्या पॅटर्नबरोबर कुठला कोअर बॉक्स, कुठला गेज (माप तपासायचं साधन), कुठला तपासणी तक्ता हे धरून ठेवणं म्हणजेच कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट. 'संरचना' वाचून यातलं काय कळणार?

पाटबंधारे_निवृत्त:
शब्द आपल्याकडं आहे, सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत नाही एवढंच. प्रकल्पाच्या खर्चाला आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे 'प्रमा'. खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, 'सुप्रमा'. धरणं जुनी व्हायला लागली तरी सुप्रमा निघतच असतात ते सोडा, पण मूळ प्रमाचा आकडा कुणी खोडत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की वाढ दिसते. प्रोजेक्टवाल्यांना बेसलाइन हवी असते ती नेमकी याचसाठी.

पॅटर्नशॉप:
क्या बात है काका! यावरून 'मान्य' हा शब्द धरायला हरकत नाही. वेळापत्रक असेल तर 'मान्य वेळापत्रक', खर्च असेल तर 'मान्य खर्च', सॉफ्टवेअर असेल तर 'मान्य आवृत्ती'. सगळीकडं एकच प्रतिशब्द हवा हा हट्टच सोडा.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
आमच्यात गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) एखाद्या आवृत्तीला नावाचा टॅग मारला की पोरं म्हणतात, "बेसलाइन झाली."

कागल_टेस्टर:
टॅग ही नुसती खूण हो. मध्यरात्री कुणीही मारावा. तपासणी होऊन मान्यता मिळाली तर त्या टॅगपाशी बेसलाइन आहे म्हणायचं. आणि टॅगमध्ये कोड येतो. सर्व्हरवरची सेटिंग्ज, डेटाबेसचे तक्ते, छापलेलं माहितीपत्रक यांची नोंद वेगळी ठेवावी लागते, नाहीतर वरच्या कोअर बॉक्ससारखंच व्हायचं.
अजून एक, 'पाया' नकोच. इमारतीला पाया एकदाच घालतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्रकल्पाच्या ११ बेसलाइन साठवता येतात.

करवीरकर:
बरं, 'आधाररेषा' मागं घेतो. पण दुसऱ्या शब्दाचं काय? 'आवृत्ती-मेळ' कसा वाटतो?

पॅटर्नशॉप:
अर्थ बरोबर, पण शॉपमध्ये कोण म्हणणार? 'कॉन्फिगरेशन' तसंच ठेवा. फक्त सेटिंगच्या फाइललाही पोरं 'कॉन्फिग'च म्हणतात, तिथं 'सेटिंग' लिहा म्हणजे घोटाळा नको.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
मग असं लिहू का: "मान्य आवृत्तीत बदल हवा असल्यास बदल-अर्ज भरावा. मंजुरीशिवाय कोणताही भाग बदलू नये."

पाटबंधारे_निवृत्त:
चालेल. मंजुरी कुणाची तेही लिहा, नाहीतर अर्ज फिरत राहील.