मदत हवी आहे: शेवटच्या सेमिस्टरआधीच नोकरी, पण मूळ मार्कशीट जमा करायला सांगतात

नमस्कार मंडळी,

मी सांगलीजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला येतात त्या बहुतेक आयटीवाल्या नाहीतर सेल्सच्या कंपन्या. मला शॉपफ्लोअरच हवा, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष मशीनवर माल बनतो तिथलं काम, म्हणून भोसरी-चाकणला बायोडेटा वाटत फिरलो. (घरी एकच पालुपद: आधी डिग्री तर हातात येऊ दे!) भोसरीतली सुटे भाग बनवणारी एक कंपनी क्वालिटीत घ्यायला तयार आहे. इंटरव्ह्यूला हातात मायक्रोमीटर देऊन रीडिंग घ्यायला लावलं, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) विचारले. काम मनासारखं आहे.

घोळ पुढे आहे. त्यांना मी जानेवारीपासून हवा, आठवं सेमिस्टरही तेव्हाच सुरू. कॉलेजला ७५ टक्के हजेरी लागते. सेमिस्टरभर इंटर्नशिप करता येते असं सीनियर सांगतात, पण एचओडी (विभागप्रमुख) 'बघू'च्या पुढे जात नाहीत. शिवाय दोन वर्षांचा बॉन्ड, आधी सोडलं तर एक लाख, आणि दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट कंपनीत जमा. हे सगळं तोंडी. एम-थ्रीची (गणिताचा तिसरा पेपर) केटी आहे, म्हणजे तो विषय अजून सुटायचाय, पण तिचं त्यांना काही नाही.

काय करू?

गेज_पिन: मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत. पडताळणीला दाखव, झेरॉक्स दे, परत घे. एचआर अडून बसला तर तिथे जाऊच नकोस, हे माझं स्पष्ट मत. 'बॉन्डला कोर्टात किंमत नसते' असं कुणी सांगेल, त्यावर विसंबू नकोस. २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेची दोन लाखांची अट ग्राह्य धरली. खाजगी कंपनीची गोष्ट थोडी वेगळी, पण सही करण्याआधी रक्कम कमी करून घे.

हजेरीसाठी कंपनीच्या लेटरहेडवर इंटर्नशिपचं पत्र आण: तारखा, विभाग, गाईडचं नाव, स्टायपेंड. ते घेऊन आधी टीपीओकडे (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) जा, एचओडींकडे त्यांच्यासोबत. प्रोजेक्टचा विषयही तिथलाच घे. एखाद्या पार्टचं रिजेक्शन का वाढतंय हे शोधलंस तरी रिपोर्ट भरतो. आणि केटी आधी काढ बाबा, ती राहिली तर निकालानंतर कायम करताना तीच आडवी येईल.

सानिका_प: नेमणुकीचं पत्र देतील त्यात 'अप्रेंटिस' आहे की 'ट्रेनी', ते बघ. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, पीएफ कापत नाहीत आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. मग दोन वर्षांचा बॉन्ड कशाबद्दल, हे एचआरलाच विचार, पण मेलवर.

धागाकर्ता: ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज मेल टाकतो, सोमवारी टीपीओंना गाठतो. एम-थ्रीचं वाचन सुरू आहे, दादा. भोसरी-मोशीकडे कॉट बेसिसवर जागा कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मेससकट असेल तर उत्तम.