30 फुटांवरून मोटर पाणी का ओढत नाही? एचपी वाढवून उपयोग होईल का?

खानापूर_पीयूसी
पीयूसी दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे. बॅरोमीटरचं गणित येतं, तरी इथं अडलंय. विहिरीच्या काठावर 3 एचपीची मोनोब्लॉक मोटर आहे. डिसेंबरात पाणी 18 फुटांवर असतं तेव्हा धो धो पाणी देते. एप्रिलमध्ये पातळी 25 फुटांच्या खाली गेली की दम टाकते, 30 वर तर नुसतीच फिरते. पुस्तकात पाण्याचा स्तंभ 10.3 मीटर, म्हणजे जवळजवळ 34 फूट दिलाय. मग आधीच का बंद पडते? घरी म्हणतात, 5 एचपी बसवू. आणि बोअरमधला सबमर्सिबल 300 फुटांवरून पाणी देतो, त्याला हा नियम नाही का?

उद्यमबाग_पंप
आधी ‘ओढणं’ हा शब्द डोक्यातून काढ. इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) फिरून स्वतःच्या तोंडाशी दाब कमी करतो, एवढंच. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा, आणि तिची ताकद ठरलेली आहे. मोटर कितीही मोठी घे, दाब शून्याच्या खाली जात नाही.

आता हिशोब. 10.3 मीटर हे समुद्रकाठचं. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, इथं हवेचा दाब 92-93 किलोपास्कल. पारा 76 नाही, 69-70 सेंटिमीटरच चढतो. (1648 मध्ये पास्कलच्या मेहुण्यानं फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर पारा नेऊन हेच दाखवलं होतं.) पाण्यात मोजलं तर 9.4 मीटर. त्यातून 30 अंशांच्या पाण्याच्या वाफेच्या दाबाचे 0.4 मीटर गेले, फूट व्हॉल्व्ह (पाईपच्या खालच्या टोकाचा, पाणी परत जाऊ न देणारा), बेंड आणि पाईपच्या घर्षणात 1 ते 1.5. शिवाय पंपाच्या तोंडाशी 2-3 मीटरइतका दाब शिल्लक लागतो, त्याला एनपीएसएच म्हणतात. तो नसेल तर पाणी तिथंच उकळतं, पंपात खडी घातल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलरला खड्डे पडतात. उरले 4.5 ते 6 मीटर, म्हणजे 15-20 फूट. त्यापुढचे चार-पाच फूट मोटर कशीबशी काढते.

त्याच पाईपला 5 एचपी लावलीस तर उलट बिघडेल. प्रवाह दुप्पट झाला की घर्षण चौपट होतं, एनपीएसएचची गरजही वाढते. एचपी कामाला येते ती डिलिव्हरीच्या बाजूला, म्हणजे पंपातून पुढं पाणी ढकलायला. सबमर्सिबल पाण्यात बुडालेला असतो, त्याला सक्शनच (खालून पंपापर्यंत पाणी चढवणं) नाही. खालून ढकलायला मर्यादा मोटरची आणि स्टेजच्या (एकापुढे एक बसवलेल्या इम्पेलरच्या) संख्येची, हवेची नाही.

उपाय एकच: मोटर खाली घ्या. विहिरीत कट्टा असेल तर पाण्यापासून 15 फुटांच्या आत बसवा. जूनच्या पावसाआधी वर काढायला मात्र विसरू नका, नाहीतर वाइंडिंग गेलंच. तोवर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून बघा; पाणी कमी येईल, पण येईल.

खानापूर_पीयूसी
पटलं सर. पण हवाच ढकलत असेल तर पाईप रिकामा असला तरी पाणी चढायला पाहिजे. मग दरवेळी पाणी भरून का घ्यावं लागतं?

सक्शन_लाईन
चांगला प्रश्न. सेंट्रिफ्यूगल पंप किती दाब तयार करतो ते आत काय भरलंय त्याच्या घनतेवर असतं. 20 मीटरचा पंप पाण्यानं भरलेला असेल तर 20 मीटर पाण्याइतका दाब देतो. हवेनं भरलेला असेल तर 20 मीटर हवेइतका. आपल्याकडच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.1 किलो धरली तर तो पाण्याचा जेमतेम 2 सेंटिमीटर स्तंभ झाला. तेवढ्यात काय चढणार?

म्हणूनच सक्शनला बारीक भोक असलं तरी पंप हवा धरतो. दोष शोधायला पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज लावा. पाणी येत नाही आणि काटा पाऱ्याचे 55-60 सेंटिमीटर दाखवतोय, तर पातळी खोल गेली आहे किंवा फूट व्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे. काटा 5-10 वरच असेल तर हवा शिरते आहे: ग्लँडची (शाफ्टभोवतीच्या फटीतली) दोरी, फ्लँजचं पॅकिंग, पाईपचे सांधे बघा. बंद केल्यावर भरलेलं पाणी खाली उतरत असेल तर फूट व्हॉल्व्हचं चामडं गेलंय.

निपाणी_सायन्स
वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. ‘दाब शून्याच्या खाली जात नाही’ हे पंपापुरतं खरं, पाण्यापुरतं नाही. खानापूरच्या जंगलात 30 मीटरची झाडं आहेत, त्यांच्या शेंड्याला पाणी पोचतं ते खरोखर ओढूनच. पानांतून बाष्प गेलं की केसाहून बारीक नळ्यांतला अखंड स्तंभ ताणला जातो, रेणू एकमेकांना सोडत नाहीत आणि दाब ऋण होतो. पंपाच्या पाईपमध्ये हे जमत नाही, कारण विरघळलेली हवा, गंज, खरबरीत पृष्ठभाग यांतून लगेच बुडबुडे सुटतात. घरी बघायचं असेल तर सुई काढलेल्या 10 मिलीच्या सिरिंजमध्ये गरम पाणी अर्धं भर, हवा काढून टाक, तोंड बोटानं बंद कर आणि दट्ट्या ओढ. पाणी हाताला सोसवेल इतपतच गरम घे, तरीही आत बुडबुडे दिसतील.

उद्यमबाग_पंप
मान्य, झाडं वगळून वाच. आणि मोटर खाली घेताना फूट व्हॉल्व्ह तळापासून दीड-दोन फूट वर ठेवा, उन्हाळ्यात गाळ तिथंच असतो.