मदत हवी आहे: सिम-लॉक निघाला, पण पिक्सेल ४ए चा बूटलोडर उघडत नाही

मंडळी, फोन अमेरिकेतल्या एका कॅरियरचा (मोबाइल कंपनीचा), सेकंडहँड. हप्ते फिटलेले, सिम-लॉक (फक्त त्याच कंपनीचं सिम चालू देणारं कुलूप) निघालाय, इथलं सिम नीट चालतं. नियमित सुरक्षा अपडेट २०२३ मध्येच थांबले, म्हणून लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली दुसरी सिस्टीम) टाकायची आहे, आणि त्यासाठी आधी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) उघडावा लागतो. पण डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'ओईएम अनलॉकिंग'चं (बूटलोडर उघडायला परवानगी देणारं) बटण करडंच आहे, दाबलं जात नाही.

सिम काढून फॅक्टरी रीसेट केला, मग वाय-फायवर ठेवला (ही परवानगी सर्व्हरवरून येते, त्यामुळे नेट लागतंच). फरक शून्य. कॉम्प्युटरवरून दिलेल्या 'फास्टबूट फ्लॅशिंग गेट_अनलॉक_अबिलिटी' (बूटलोडर उघडता येईल का, हे विचारणारी कमांड) याचं उत्तर ० म्हणजे 'नाही' येतं, त्यामुळे तो प्रत्यक्ष उघडणारी 'फ्लॅशिंग अनलॉक' कमांड चालवून उपयोग नाही.

व्हेरायझन या अमेरिकन कॅरियरच्या पिक्सेलमध्ये बूटलोडर कायमचाच बंद असतो, पण हा त्यांचा नाही. सिम-लॉक निघाल्यावर काही काळाने ० चं १ झालेलं कुणी पाहिलंय का? कॅरियरकडे नेमकं काय मागायचं? कस्टमर केअरवाले सिम-लॉकच्या पुढे जातच नाहीत.

अमेरिकेत जेलब्रेकिंगला (फोनवरची कंपनीची सॉफ्टवेअर-बंधनं स्वतः काढण्याला) २०१० पासून कायद्याची सूट आहे, पण कुलूप उघडून द्यायचं बंधन ती कंपनीवर घालत नाही, तेव्हा तो वाद नको. 'आयएमईआय पाठवा, पैसे भरा'वालेही नकोत.

आणि अनलॉक झालाच, तर त्यावर कोणतं यूपीआय ॲप चालतं तेही सांगा.